बॉनेट हळूच लावलं

ऑगस्टातल्या त्या शनिवारी शेजारच्या आजोबांनी माझ्या गाडीचं बॉनेट उघडायला लावलं, आत बघितलं आणि मग ते हळूच लावलं. झालं ते एवढंच. पण ते हळूच लावणं दोन महिने माझ्या डोक्यातून गेलं नाही.

वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ होती. डेट्रॉईटच्या आसपास जे राहतात त्यांना हे सांगायला नको, ऑगस्टचा तिसरा शनिवार आला की फर्नडेलपासून पॉन्टिअॅकपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक सकाळी सकाळी खुर्च्या टाकून बसतात आणि समोरून जुन्या गाड्या संथ वाहत राहतात, आपल्याकडे पालखी बघायला लोक आदल्या रात्रीपासून जागा धरतात तसंच काहीसं. आजोबा पंचाहत्तरीचे, गुडघे गेलेले, एकटेच राहतात, आमची मुलगी त्यांना ग्रँडपाच म्हणते. दरवर्षी कुणीतरी त्यांना घेऊन जायचं, यंदा कुणी नव्हतं म्हणून मी म्हटलं माझ्यासोबत चला. एका बाजूच्या गल्लीत गाडी लावली, डिकीतून दोन फोल्डिंग खुर्च्या आणि हिने दिलेला चिवड्याचा डबा काढला, आणि तेवढ्यात ते म्हणाले, जरा इंजिन दाखव की रे तुझं. माझी फोर्डची मस्टँग आहे, २०१६ ची, गडद निळी, पण इकोबूस्ट. म्हणजे चारच सिलिंडर, आणि लोकांच्या लेखी खऱ्या मस्टँगला हवेत आठ. त्यांनी बघितलं, दोन सेकंद असतील फार तर, आणि मग दोन्ही हातांनी बॉनेट खाली आणलं आणि वरून तळव्याने दाबलं, झोपलेल्या पोरावर पांघरूण घालतात तसं. बॉनेट असं कुणी लावत नाही. वीतभर वरून सोडून द्यायचं असतं, धप्प आवाज येतो. मग म्हणाले, छान ठेवलीयस गाडी.

दहावीचा निकाल लागल्यावर शेजारच्या काकूंनी किती पडले विचारावं, आपण बासष्ट म्हणावं, आणि त्यांनी अगदी मनापासून 'अरे वा, छान छान' म्हणावं, तो आवाज मला ओळखता येतो.

दिवसभर मग खुर्चीत बसून मी गाड्यांचे आवाज ऐकत होतो. जुनी व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरवाली, नुसती सिग्नलला उभी असते ना, तेव्हाच तिची खरी मजा असते. एका लयीत वाजतच नाही ती. धडधडीत मध्येच एक ठोका अडखळतो, मग दोन पटकन येतात, मग परत जरा थांबल्यासारखं. आत ठोके सारखेच पडत असतात, पण त्या क्रँकची, म्हणजे पिस्टन जो दांडा फिरवतात त्याची, ठेवण अशी की डाव्या बाजूच्या चार सिलिंडरांचा धूर एका पाइपाने आणि उजवीकडचा दुसऱ्याने निघतो आणि प्रत्येक पाइपात ठोके वेडेवाकडे अंतर ठेवून येतात, त्यातून ती घरघर तयार होते. कानाला नंतर कळते ती, आधी खुर्चीचा अॅल्युमिनियमचा हात थरथरतो आणि छातीत काहीतरी हलतं. आणि वास! न जळलेल्या पेट्रोलचा गोडूस, डोक्यात जाणारा वास, धूर साफ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यायच्या आधीच्या गाड्यांचा. आजोबा डोळे मिटून बसले होते आणि न बघता सांगत होते, ही शेव्हीची, ही मोपार म्हणजे क्रायस्लरची, ही आपली फोर्डची ३०२. चिवडा तसाच राहिला.

कराडला आमच्या बाबांची बुलेट होती. घरात तिला कुणी बुलेट म्हणत नव्हतं, आजी शेवटपर्यंत फटफटी म्हणायची. किती सरळ नाव आहे बघा, गाडीचा आवाज हेच तिचं नाव. शनिवार पेठेच्या कोपऱ्यावर ती वाजली की आई तव्यावर भाकरी टाकायची, आणि बाबा पाय धुऊन पाटावर बसेपर्यंत ती फुगलेली असायची. पावसाळ्यात रात्री बाबांना उशीर झाला की आम्ही दोघं भाऊ अंथरुणात कान देऊन पडायचो, दुसऱ्या कुणाची बुलेट आली तरी लगेच कळायचं की ही आपली नाही. आता विचार करतो तर त्या गाडीला सिलिंडर एकच. साडेतीनशे सीसीचा एकच सिलिंडर, आणि तो लहान आहे असं आम्हाला कुणी कधी म्हटलं नाही, आम्हालाही कधी वाटलं नाही.

आणि मामाची जीप. पेट्रोलवर ती परवडेना म्हणून मामाने कोल्हापूरला उद्यमनगरात नेऊन तिचं इंजिन काढलं आणि डिझेलचं बसवून आणलं. माझं वय तेव्हा नऊ-दहा. ती परत आली तेव्हा मी पळत बघायला गेलो आणि दारात उभी असतानाच ती अशी काही खडखडत होती की पुढच्या काचा वाजत होत्या, आणि मला रडूच आलं. जुन्या जीपचा आवाज मऊ होता. मामा म्हणाला, अरे आता ऍव्हरेज बघ काय देते ती. पुढे सहा-सात वर्षं ती वडापला पळाली, कराड-पाटण, मागे नऊ माणसं आणि टपावर भाजीची पोती, आणि त्या पैशावर माझी मामेबहीण इंजिनिअर झाली. माझं रडू चुकीचं होतं असं मला अजूनही म्हणता येत नाही आणि मामाचंही काही चुकलं नाही. दोन्ही गोष्टी मी इतकी वर्षं तशाच जवळजवळ ठेवून दिल्यात.

२०१९ ला मी ही मस्टँग सेकंडहँड घेतली तेव्हा व्ही-८ पण समोर उभी होती, थोडी जास्त पैशाची. दोन्ही चालवून बघितल्या. माझं ऑफिस जाऊन-येऊन साठ मैल, मुलगी तेव्हा बालवाडीत, घराचा हप्ता. कागदावर हिशोब केला. २.३ लिटरची, ३१० हॉर्सपॉवर, गावात आणि हायवेला मिळून गॅलनला २६ मैल. व्ही-८ ५ लिटरची, ४३५ हॉर्सपॉवर, आणि १९ मैल. पण नुसत्या हिशोबावर घेतली म्हटलं तर ते खोटं होईल. ती चालवताना मला खरंच आवडली. पुढचं वजन कमी असल्याने वळणावर नाक कसं हलकं वाटतं ते हातालाच कळतं. आणि टर्बो म्हणजे तरी काय, जो धूर नुसता बाहेर फेकून द्यायचा त्याच्याच जोरावर एक पंखा फिरवायचा आणि इंजिनात हवा कोंबायची. वाया जाणाऱ्यातून काढलेली ताकद आहे ती. उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात झालेल्या घरात मी वाढलोय, मला ही कल्पना पहिल्यापासून भारी वाटते. बाबांना फोटो पाठवला तर त्यांनी फोन करून पहिला प्रश्न विचारला तो अर्थात ऍव्हरेज किती देते. हायवेला लिटरला तेरा म्हटलं तर म्हणाले, मोठ्या गाडीच्या मानाने बरं आहे की. आणि गंमत बघा, २०१६ ला मस्टँग भारतात आली तेव्हा बाबांनी पेपरातलं कात्रण जपून ठेवलं होतं, ६५ लाखाच्या घरातली, आणि तिकडे विकायला ठेवली ती फक्त ५ लिटरची व्ही-८. चार सिलिंडरची तिकडे दिलीच नाही. जिथे आख्खा देश ऍव्हरेज विचारतो तिथे ही गाडी घेणारा माणूस ते विचारणार नाही असं धरून चालले असणार, आणि त्या किमतीला ते बरोबरही असेल.

मग तो व्हिडिओ.

पहिल्या वर्षी दिवाळीला बाबांना पाठवायला म्हणून हिने ड्राइव्हवेत उभं राहून मी गाडी काढतानाचा व्हिडिओ घेतला. मी आत बसून ऐकत होतो तो आवाज भरदार, जरा खर्जातला, मला आवडणारा. रात्री व्हिडिओ बघितला तर त्यातली गाडी वेगळीच वाजत होती. बारीक, एकसारखी, कोरडी. मला वाटलं फोनचा माइक खराब. मग दुसऱ्या दिवशी हिला चालवायला सांगितलं आणि मी बाहेर उभा राहिलो, आणि कळलं की माइकचा काही दोष नाही. शोधल्यावर समजलं की आत जो आवाज येतो तो स्पीकरमधून भर घालून येतो, आणि हे काही या एकाच गाडीचं नाही, इंजिनं लहान झाली आणि टर्बोने धुराचा आवाज गिळला तशी बऱ्याच कंपन्यांनी, जर्मन सुद्धा, हीच वाट धरली. बेकायदा नाही, कुणाला इजा नाही, बऱ्याच जणांना कधी कळतही नाही. मला मात्र त्या दिवशी कसंतरी झालं. माझ्या गाडीचा आवाज म्हणून जो मी तीन महिने कानात साठवत होतो, तो गाडीचा पूर्ण नव्हताच.

तेव्हापासून मला एक कळलंय, इंजिन लहान केलं याचं मला वाईट वाटत नाही. आणि लोक म्हणतात ना की ही खरी मस्टँग नव्हे, चार सिलिंडर म्हणजे नावाला बट्टा, त्यांच्याशी मी भांडायला तयार आहे. कारण ही गाडी जन्मालाच काटकसरीतून आली. १७ एप्रिल १९६४ ला फोर्डचे तेव्हाचे अधिकारी ली आयकोका यांनी ती लोकांसमोर आणली तेव्हा खाली सांगाडा होता फाल्कनचा, म्हणजे साध्या, स्वस्त, घरगुती गाडीचा. किंमत २,३६८ डॉलरपासून. आणि त्या किमतीला मिळायचं सहा सिलिंडरचं इंजिन, १०१ हॉर्सपॉवर. व्ही-८ हवं तर वरचे पैसे. पहिल्या दोन-तीन वर्षांत लाखो लोकांनी ती सहाचीच घेतली, टायपिस्ट मुलींनी घेतली, शाळामास्तरांनी घेतली. वुडवर्डवर आज त्यातली एखादीच दिसते, कारण जपली गेली ती व्ही-८, आणि मग जपलेल्यावरून आपण समजतो की सगळ्या तशाच होत्या. घरात उरलेले फोटो सगळे लग्नाचे असतात म्हणून आजी रोज शालू नेसायची असं थोडंच आहे.

मस्टँग २ चं नाव काढलं की जुने लोक तोंड फिरवतात. १९७३ च्या सप्टेंबरात ती आली, आदल्या वर्षीच्या गाडीपेक्षा जवळजवळ दीड फूट आखूड, त्या पहिल्या वर्षी तिच्यात व्ही-८ नव्हतंच, साधं इंजिन २.३ लिटर चार सिलिंडर, ८८ हॉर्सपॉवर. आणि महिन्याभरात ऑक्टोबरात अरब देशांनी तेल बंद केलं. पंपांवर रांगा, रविवारी पंप बंद, जानेवारीत निक्सन यांनी ५५ मैलांची वेगमर्यादा आणली. त्या वर्षात या आखूड, अशक्त म्हणून हिणवलेल्या गाडीच्या ३,८५,००० च्या वर गाड्या विकल्या गेल्या. तेवढा आकडा त्याआधी सहा वर्षांत मस्टँगने बघितला नव्हता. तशी ती विकली गेली नसती तर मस्टँग हे नाव तिथेच संपलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

मग १९८४ ची मस्टँग एसव्हीओ, तिच्याबद्दल मात्र मला फार प्रेम आहे. पुन्हा तेच २.३ लिटर, पण टर्बो लावलेलं, १७५ हॉर्सपॉवर, बॉनेटवरची हवेची खिडकी मधोमध नसून एका बाजूला, बघितल्या बघितल्या कळावं की हिचं काहीतरी वेगळं आहे. डॅशबोर्डवर एक बटण होतं, टाकीत साधं पेट्रोल आहे की प्रीमियम ते गाडीला सांगायचं. इंजिनिअर लोकांनी मन लावून केलेली गाडी दिसते ती. पण व्ही-८ वाल्या मस्टँग जीटीपेक्षा कितीतरी महाग, आणि तेलही तोवर स्वस्त झालं होतं, तीन वर्षांत दहा हजार सुद्धा विकल्या गेल्या नाहीत. चांगली गोष्ट चुकीच्या वेळी आली की काय होतं ते बघायला मी हेन्री फोर्ड म्युझियमला जात नाही, वुडवर्डवर कोपऱ्यात एखादी एसव्हीओ उभी असते तिच्याजवळ जातो. मालक नेहमी बोलायला उत्सुक असतात, कारण त्यांच्याकडे कुणी येत नाही.

त्याच दशकात तर कंपनीने मस्टँगची जागा एका पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, माझ्दाच्या सांगाड्यावरच्या गाडीला द्यायचं ठरवत आणलं होतं. बातमी फुटली, लोकांनी पत्रांचा ढीग पाठवला, आणि ती गाडी प्रोब नावाने वेगळी निघाली. ती बनायची फ्लॅट रॉकच्या कारखान्यात. आता मस्टँग तिथेच बनते. आय-७५ वरून टोलीडोकडे जाताना तो कारखाना दिसतो आणि दरवेळी मला वाटतं, सवत म्हणून आणलेलीच्याच घरात थोरली नांदतेय. त्या पत्रांमधली बरीच व्ही-८ साठी होती हे मला माहीत आहे. ती लिहिणाऱ्यांचा मला राग येत नाही, त्यांच्यामुळेच माझी गाडी मागच्या चाकांवर चालते.

माझी तक्रार फक्त आवाजाची आहे, आणि ती मला धड कुणापाशी मांडताही येत नाही. बुलेटला एकच सिलिंडर होता, पण तिने कधी दोनचा आव आणला नाही. मामाची जीप खडखडायची, पण ते खडखडणं तिचं होतं, पाटणच्या घाटात वळणाच्या अलीकडे लोक म्हणायचे, आली बघ अण्णाची गाडी, आणि पिशव्या उचलायचे. चार सिलिंडरला त्याचा आवाज असू दे की! जरा रखरखीत असेल, टर्बोची शिट्टी असेल, असेना. आता तर डॉज कंपनीची चार्जर नावाची गाडी विजेवर आलीय, तिला इंजिनच नाही तरी तिला जुन्या एक्झॉस्टसारखा आवाज मुद्दाम तयार करून दिलाय. दुसरीकडे पेट्रोलच्या चार्जरमध्ये व्ही-८ च्या जागी एका रांगेतल्या सहा सिलिंडरचं, दोन टर्बोवालं इंजिन बसवलं, शेव्हीच्या कॅमॅरोने तर २०१६ ला दोन लिटरचं टर्बो देऊन बघितलं होतं, २७५ हॉर्सपॉवरचं, आणि २०२४ पासून कॅमॅरोच बंद आहे. मोठं इंजिन जाणार हे मला मान्य आहे. माझ्या मुलीला श्वास घ्यायचाय पुढची सत्तर वर्षं, आणि त्या जुन्या गोडूस वासात काय काय होतं हे मलाही कळतं. पण जाणाऱ्याचा आवाज येणाऱ्याच्या तोंडी घातला की दोघांचाही अपमान होतो असं मला वाटतं.

ऑक्टोबरात एका रविवारी मी सायडर मिलवरून, म्हणजे सफरचंदाचा रस काढतात तिथून, येताना आजोबांसाठी डोनट आणि गरम सायडर आणलं. ते गॅरेजच्या दारात पानं गोळा करायचं फावडं घेऊन नुसते उभे होते. गॅरेजमध्ये एका खोक्यावर जुने फोटो पडले होते, मुलगा ख्रिसमसला येणार म्हणून आवराआवर चालली होती. त्यातल्या एकात ते स्वतः, केस खांद्यापर्यंत, शेजारी गरोदर बायको आणि मागे पिवळी आखूड गाडी. मस्टँग २. मी फोटो उचलल्यावर ते म्हणाले, त्याआधी माझी ६८ ची होती, ३०२ वाली. १९७४ ला विकली. मुलगा होणार होता, कारखान्यातून लोकांना घरी पाठवणं सुरू झालं होतं, कधी माझा नंबर येईल माहीत नव्हतं, रांगेत दोन तास उभं राहून मिळालेलं पेट्रोल तिला तीन दिवसांत संपायचं. मग ही घेतली. चार सिलिंडर. पंधरा वर्षं क्रूझला जातोय, मित्रांनी विचारलं तर ६८ चीच सांगतो, हिचं कधी कुणाला सांगितलं नाही. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मुलाला हॉस्पिटलातून हिच्यातूनच घरी आणला, जानेवारीत, बर्फात, एकदाही बंद पडली नाही.

मी काहीच बोललो नाही. बॉनेटचं विचारणार होतो, तेही विचारलं नाही.

सायडर संपल्यावर ते म्हणाले, तुझी गाडी काढ बाहेर, मला मागून ऐकायचीय. मी काढली. ते फावड्यावर टेकून मागच्या पाइपांपाशी उभे राहिले. थंड गाडी सुरुवातीला जरा जोरात वाजते. मी दार उघडून एक पाय बाहेर टाकून बसलो, म्हणजे आतला स्पीकर सोडून मलाही बाहेरचाच आवाज यावा. त्यांनी हाताने खूण केली, मी थोडा अॅक्सिलरेटर दाबला, सोडला, परत दाबला.

"शिट्टी आहे हिला," ते म्हणाले. "माझ्या पिवळीला नव्हती."

मग पुढे येऊन बॉनेट उघड म्हणाले. उघडलं. गरम प्लास्टिकचा आणि तेलाचा वास आला, थंडीत आतून वाफ निघाली. ते वाकून टर्बो नक्की कुठे आहे ते विचारत राहिले, मी दाखवत राहिलो. मी लावायला गेलो तर म्हणाले, राहू दे उघडंच, चालू पण राहू दे जरा, आणि गॅरेजमधून ती वुडवर्डची फोल्डिंग खुर्ची फरफटत आणायला लागले.